दहावी १९९६च्या बॅचमधले ३८ जण सापडत नाहीत, कुठून धरावं?

दुसरी_घंटा

नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्यातलं मराठी माध्यमाचं हायस्कूल, एस.एस.एल.सी. मार्च १९९६, अ आणि ब अशा दोन तुकड्या. एकमेकांना विचारून जमवलेली यादी ९१ नावांची झाली आहे. त्यातल्या ५३ जणांशी बोलणं झालं, ३८ राहिले. या ३८ मध्ये २६ मुली आणि १२ मुलगे. मुलग्यांपैकी चौघे चंदगड तालुक्यातल्या गावांतून रोज एस.टी.नं येणारे होते. तिघे गोव्यात आहेत एवढंच कळलंय. एक मिलिटरीत भरती झाला होता. बाकीचे चौघे वडगाव-खासबागकडचे, विणकरांच्या घरचे, भाड्याच्या घरात राहणारे.

मेळावा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घ्यायचं ठरतंय, म्हणजे हातात जेमतेम सहा महिने. मुली फेसबुकवर माहेरच्या नावानं शोधून एकही मिळाली नाही. शाळेतून पत्ते मिळतात का? मतदार यादीचा उपयोग होतो का? पेपरात जाहिरात द्यावी का? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया क्रमानं सांगावं.

---

दाखला_रजिस्टर

आधी यादी पक्की करा, शोध नंतर. आठवणीतून केलेली यादी बहुधा एकाच बाजूनं चुकते. आठवी-नववीत शाळा सोडलेले आणि दहावीला नापास होऊन पुढच्या वर्षी बसलेले त्यातून गळतात. तुमची बॅच जून १९९३ ला आठवीत बसली. तीन वर्षं एका बाकावर बसलेला मुलगा मार्च ९६ च्या निकालात नाही म्हणून त्याला बोलवायचंच नाही, हे बरोबर नव्हे. तेव्हा १९९३ ते १९९६ असा तीन वर्षांचा पट धरा.

शाळेत दोन कागद उपयोगाचे. एक, दाखल रजिस्टर. हे कायम जपायचं रेकॉर्ड आहे, त्यामुळं सापडतंच. दुसरा, दहावीच्या परीक्षेसाठी बोर्डाकडं पाठवलेल्या नॉमिनल रोलची ऑफिस प्रत. ती ३० वर्षं टिकलेली असेलच असं नाही, पण असली तर तुकडीवार नावं एका जागी मिळतात. दाखल रजिस्टर वर्गवार नसतं, दाखल झालेल्या तारखेप्रमाणं असतं. म्हणून जून-जुलै १९९३ ची पानं उघडायला सांगा आणि मग ९४, ९५ च्या जूनची. मधेच बदलीनं आलेल्या नोकरदारांची मुलं तिथं मिळतात.

त्या रजिस्टरमध्ये तुम्हाला पत्ता नको आहे. ३० वर्षांपूर्वीचा पत्ता बहुतेक 'मु. पो. अमुक' एवढाच असतो. तुम्हाला हवेत चार रकाने: पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मगाव आणि आधीची शाळा. यातला 'आधीची शाळा' हा रकाना सगळ्यात मोलाचा आहे. आपल्याकडं सातवीपर्यंत गावातली सरकारी मराठी शाळा आणि आठवीला हायस्कूल, अशी रीत. म्हणजे त्या रकान्यावरून कोण नक्की कुठल्या गावचं हे कळतं. नाव विसरलेला मुलगासुद्धा 'किणयेच्या शाळेतून आलेले सहा जण' अशा गटात बसवला की त्या सहांपैकी कुणाला तरी आठवतो.

जन्मतारखेवर फार विसंबू नका. १ जून ही तारीख ढिगानं दिसेल. पहिलीत घालताना गुरुजींनी अंदाजानं लिहिलेली असते. पुढं मतदार यादीत वय एक-दोन वर्षांनी वेगळं निघालं तर लगेच 'हा तो नव्हे' म्हणून सोडू नका.

मागायचं कसं: मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज, तिघा माजी विद्यार्थ्यांच्या सह्या, सोबत आपापल्या मार्क्स कार्डाच्या झेरॉक्स. अर्जात 'पत्ते द्या' असं लिहू नका. 'आमच्या बॅचची नावं, वडिलांची नावं आणि आधीची शाळा पडताळून घ्यायची आहे' असं लिहा. मोबाइलनं पानांचे फोटो काढायला मागू नका. त्या पानावर जात, जन्मतारीख असं सगळं असतं आणि नकार येतो तो बहुतेक याच मागणीला. कारकुनांनी वाचावं, तुम्ही वहीत लिहून घ्यावं. ९१ नावांना दोन तास पुरे. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षेची गडबड आणि जूनमध्ये दाखल्यांची, त्यामुळं जुलै-ऑगस्टमधला शनिवार धरा, सकाळची शाळा सुटल्यावर.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा सल्ला कुणीतरी देईल. टाकू नका. तिसऱ्या माणसाची वैयक्तिक माहिती ८(१)(जे) कलमाखाली नाकारता येते. आणि एकदा अर्ज गेला की शाळेशी संबंध कागदी होऊन बसतो. मेळावा त्याच शाळेच्या मैदानावर घ्यायचा आहे ना?

---

पंचमी

२६ मुलींचं मी सांगते, कारण खरं काम तेच आहे.

फेसबुकवर माहेरच्या नावानं शोधलंत, मिळणार कसं? आडनाव बदललं, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं आलं, आणि आपल्याकडं बऱ्याच घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात. म्हणजे शाळेत जी होती त्यातलं काहीच उरलेलं नसतं. तिला शोधायचं म्हणजे तिचं माहेर शोधायचं, आणि माहेर शोधायचं म्हणजे तिचा भाऊ.

वहीत प्रत्येकीपुढं हे लिहा: माहेरचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, गल्ली, भावाचं नाव, वडील काय करायचे, शाळेला कुणाबरोबर चालत यायची. शेवटचा रकाना सोडू नका. 'आम्ही चौघी पिरनवाडीहून एकत्र यायचो' असं एक सापडलं की चौघींचा धागा लागतो. वडिलांचा धंदा अशासाठी की गावात 'मारुती पाटील' दहा असतात, पण 'पिठाच्या गिरणीवाले मारुती' एकच असतात.

गावात गेल्यावर थेट दारात उभं राहू नका. आधी दूध डेअरी, पीकेपीएस (शेतकऱ्यांना कर्ज देणारी गावची सोसायटी) किंवा देवळाच्या कट्ट्यावर वयस्कर माणसांना घर विचारा. भावकी कुठली, भाऊ आता कुठं असतो, आई-वडील आहेत की नाहीत, एवढं तिथंच कळतं. आई वारलेली असताना दारात जाऊन 'काकू कशा आहेत' विचारणं टळतं, हे त्यातलं मोठं.

घरी जाताना दोघी बायकाच जा. वर्गातला मुलगा बरोबर असेल तर तो कट्ट्यावर थांबू दे. ४६ वर्षांच्या बाईचाही नंबर परक्या पुरुषाला तिचा भाऊ देणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. आणि नंबर मागूच नका. आपला द्या. एका कागदावर दोघी मैत्रिणींची शाळेतली नावं, आत्ताची नावं, दोन फोन नंबर आणि एवढाच मजकूर:

'सन १९९६ च्या दहावीच्या वर्गातल्या आम्ही मैत्रिणी. शाळेत सगळे भेटणार आहोत. ताईंना हा कागद द्या. त्यांना वाटलं तर त्या फोन करतील.'

खाली वर्गाचा फोटो छापून तिच्याभोवती पेनानं गोल केला असेल तर भावजय तो कागद जपून ठेवते. नुसता नंबर लिहिलेली चिठ्ठी कॅलेंडरमागं जाते आणि तिथंच राहते.

आता एक अडचण आधीच सांगते, कारण ही कुणाच्या ध्यानात येत नाही. माहेरी जाऊन मुलीचा पत्ता विचारला की काही घरांत चेहरे एकदम बदलतात. वडिलांच्या जमिनीत मुलींना वाटा आहे. कुठं हक्कसोड झालेलं असतं, कुठं वाद चालू असतो. 'ही कुणाच्या सांगण्यावरून आली?' असं मनात येतं. म्हणून पहिल्या वाक्यात शाळेचं नाव, दुसऱ्या वाक्यात फोटो पुढं करणं. जमीन, घर, वाटणी, उतारा यातला एकही शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही.

वेळ कुठली साधायची? नागपंचमी, गौरी-गणपती, भाऊबीज. माहेरवाशिणी तेव्हा येतात. नागपंचमीच्या आठवडाभर आधी कागद घरात पोचला पाहिजे. आणि तुमच्या यादीतल्या एखाद्या गावची लक्ष्मीची यात्रा यंदा येत असेल तर ती तारीख आधी लिहून ठेवा. वर्षानुवर्षांनी येणाऱ्या यात्रेला गावच्या झाडून सगळ्या लेकी येतात. त्या दोन दिवसांत जेवढ्या भेटतील तेवढ्या एरवी सहा महिन्यांत भेटणार नाहीत.

तिचा फोन आला तर पहिल्याच बोलण्यात नवरा काय करतो, मुलं किती, हे विचारू नका. कुणी एकटी राहते, कुणाचा नवरा गेलेला असतो, कुणी माहेरीच परत आलेली असते. 'तू दुसऱ्या बाकावर बसायचीस' इथून सुरू करा. ग्रुपमध्ये घालू का, हे विचारल्याशिवाय घालायचं नाही. आणि तिनं 'नको' म्हटलं तर वहीत 'बोलणं झालं, नको म्हणाली' एवढंच लिहा आणि तिचा नंबर कुणालाही देऊ नका, कितीही जवळची मैत्रीण मागत असली तरी. तिच्या नकाराचं कारण ग्रुपवर चघळलं गेलं तर उरलेल्या वीसजणींपर्यंत ते पोचतं.

---

वायव्य_नकाशा

मतदार यादीचा उपयोग होतो, पण मुलग्यांसाठी. विवाहित बाईपुढं नवऱ्याचं नाव असतं, त्यामुळं माहेरच्या नावानं तिथं काही लागत नाही. मुलग्यापुढं मात्र वडिलांचंच नाव असतं, आणि ते बदलत नाही.

निवडणूक आयोगाच्या मतदार शोध पानावर तपशिलानं शोधताना राज्य, नाव, नात्यातल्या माणसाचं नाव, वय किंवा जन्मतारीख, जिल्हा आणि मतदारसंघ भरायचा असतो. जन्मतारखेऐवजी वय टाका. तुमच्या बॅचचे बहुतेक १९७९ ते १९८१ मधले, म्हणजे ४५, ४६, ४७ अशी तीन वयं टाकून तीनदा शोधा. मुलगा मिळाला नाही तर भावाच्या नावानं शोधा, वडिलांचं नाव तेच ठेवून. भाऊ जुन्याच घरात राहिलेला असतो.

मतदान केंद्राप्रमाणं उतरवून घ्यायच्या ज्या पीडीएफ याद्या आहेत त्या चित्ररूप असतात. त्यात नाव टाइप करून शोधता येत नाही, पानं डोळ्यांखालून घालावी लागतात. पण यादी घर क्रमांकानं असल्यामुळं एक फायदा होतो: एक घर सापडलं की शेजारची दहा घरं दिसतात, आणि वर्गातली मुलं बरेचदा एकाच गल्लीतली असतात. जुनी यादी हाताला लागली तर २००८ च्या आधीचे मतदारसंघ वेगळे होते हे ध्यानात ठेवा. तालुक्यातली पश्चिमेची बरीच गावं तेव्हा उचगाव मतदारसंघात होती, आणि शहराचे उत्तर-दक्षिण असे दोन भाग झालेले नव्हते.

शोध फसतो तो बहुतेक स्पेलिंगवर. कर्नाटकात 'त' इंग्रजीत लिहिताना 'टी'ला 'एच' जोडतात, महाराष्ट्रात नुसता 'टी'. म्हणून लता, गीता, सविता, ज्योती, मारुती ही नावं दोन्ही तऱ्हांनी टाकून बघा, मतदार यादीत आणि फेसबुकवरही. चव्हाण, जाधव, पाटील यांची तर तीन-तीन स्पेलिंगं आढळतात. कन्नडमधून यादी बघताना नाव कसं उच्चारलं जातं ते बघा, मराठीत कसं लिहितो ते नव्हे. कुठं आडनाव जाऊन नुसती आद्याक्षरं उरलेली असतात. फेसबुकवर गाव लावून शोधताना शहराचं जुनं स्पेलिंग आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरचं 'बेळगावी'चं स्पेलिंग, दोन्ही लावा. जुनं खातं असेल तर जुनंच नाव राहिलेलं असतं.

आडनाव 'कर' लागून आलेलं असेल तर ते फुकटचं होकायंत्र आहे: मुतगेकर, सांबरेकर, येळ्ळूरकर, हलगेकर, मुचंडीकर, नंदगडकर. फक्त जपून. आडनावातलं गाव हे मूळ गाव, राहतं गाव नव्हे. सांबरेकर वडगावात चार पिढ्या राहत असतील. मूळ गावात त्यांची भावकी आणि देव मात्र असतो, आणि भावकीला कोण कुठं गेलं ते माहीत असतं.

चंदगडकडच्या चौघांसाठी कर्नाटकच्या यादीत वेळ घालवू नका. शिनोळी, तुडये, कोवाड ही गावं कोल्हापूर जिल्ह्यात, तेव्हा राज्य महाराष्ट्र निवडा. तिथं आणखी एक सोय आहे. महाभूलेख या महाराष्ट्राच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून सातबारा नावानं किंवा आडनावानं शोधता येतो. कर्नाटकची आरटीसी, म्हणजे तिकडचा सातबारा, कन्नडमध्ये येते, त्यामुळं तो मार्ग इकडं तेवढा सोपा नाही. वडील वारलेले असतील तर सातबाऱ्यावर वारसांची नावं चढलेली असतात, आणि हक्कसोड झालेलं नसेल तर लेकींचीही, बरेचदा सासरच्या नावासकट. तेवढ्यावरून तिचं आत्ताचं आडनाव कळतं. वर पंचमीताईंनी सांगितलंय ते मात्र शंभर टक्के पाळा: उताऱ्यावर नाव बघितलं हे त्या घरी कधीच बोलायचं नाही.

---

माग_आणि_धोटा

वडगाव-खासबागच्या भाड्याच्या घरांबद्दल. घरमालकाकडं जाऊन उपयोग नाही, घरं विकली गेली, नवी बांधकामं उठली. ज्या मालकाच्या मागावर वडील कामाला होते तिथं विचारा. विणकर घर बदलतो, पण सूत देणारा आणि साडी घेणारा व्यापारी सहसा बदलत नाही. माग बंद करून गेलेली बरीच मुलं उद्यमबागेत फौंड्री नाहीतर मशीन शॉपला लागली. तिथं शिफ्ट सुटायच्या वेळी चहाच्या गाड्यावर फोटो दाखवा. गल्लीचं गणपती मंडळ हे दुसरं ठिकाण. गाव सोडून गेलेला माणूसही मंडळाची वर्गणी पाठवतो, आणि खजिनदाराकडं त्याचा आत्ताचा नंबर असतो.

मिलिटरीवाल्याला मिलिटरीत शोधू नका. ९८-९९ ला शिपाई म्हणून भरती झालेला आता बहुतेक पेन्शनीत निघालेला असणार. मग तो डीएससीत (लष्करी ठिकाणांची राखण करणाऱ्या दलात) नाहीतर बँकेच्या दारात बंदूक घेऊन. गावच्या माजी सैनिक संघटनेला विचारा. रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहून ते कुणाचा पत्ता देणार नाहीत, देऊही नये.

पेपरात पैसे देऊन जाहिरात कशाला? तालुका पानावर छोटी बातमी फुकट येते. तरुण भारत, पुढारी, सकाळच्या स्थानिक वार्ताहराला हातानं नेऊन द्या. बातमीत शाळा, साल, दोन फोन नंबर आणि गावांची नावं येऊ द्यात. न सापडलेल्यांची नावं छापू नका, मुलींची तर मुळीच नको. 'किणये, बेळगुंदी, पिरनवाडी, मच्छे परिसरातील माजी विद्यार्थ्यांनी' असं आलं की त्या त्या गावचा माणूस कात्रणाचा फोटो आपल्या गावच्या ग्रुपवर टाकतो.

आणि जुन्या वहीत कुणाचा सहा आकडी लँडलाइन नंबर असला तर टाकून देऊ नका. पुढं २ लावा, कोड ०८३१. बहुतेक बंद असतील, पण दुकानांचे नंबर अजून वाजतात.

---

चोर्ला_घाट

गोव्यातल्या तिघांसाठी एकच गोष्ट. डिसेंबरचा शेवटचा आठवडा ठरवलात तर ते तिघे सापडूनही येणार नाहीत. हॉटेल, टॅक्सी, केटरिंग, बेकरी, सगळ्यांचा वर्षाचा हंगाम त्याच दहा दिवसांत. रजा मागायचीही सोय नसते. शिवाय मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीची यात्रा, घरंच्या घरं डोंगरावर गेलेली असतात. जानेवारीतला दुसरा किंवा तिसरा रविवार धरा. भाताची सुगी आटोपलेली असते आणि मे महिन्यासारखी लग्नसराई आडवी येत नाही.

सकाळी दहाला सुरू करून चारला संपवा. चोर्ल्यानं रात्रीचं उतरणं कठीण, आणि सासरी परत जायचं असणाऱ्या मुलींना संध्याकाळची बस पकडायची असते. 'रात्री जेवण' असं पत्रिकेवर दिसलं तर येऊ शकणाऱ्यांतल्याही निम्म्या घरीच राहतील.

शोधायला फोंडा, वास्को, म्हापसा इथं खानापूर-बेळगावकडच्या मंडळींचे ग्रुप असतातच. आणि सोपं म्हणजे त्यांच्या गावच्या तिकडं धावणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरला विचारा.

---

दुसरी_घंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. तारीख जानेवारीत नेतो. शाळेत अर्ज पुढच्या शनिवारी देतो आणि पंचमीताई, तुमचा कागद जसाच्या तसा छापतो.

आणखी दोन शंका. एक, दहावीचा ग्रुप फोटो आहे पण खाली नावं नाहीत आणि सात-आठ चेहरे कुणालाच ओळखू येत नाहीत. दोन, ग्रुपची लिंक पसरवली तर परवा दोन अनोळखी नंबर आत आले, त्यातल्या एकानं वर्गणीसाठी स्वतःचा क्यूआर कोड टाकला. एकीनं हजार रुपये भरलेही. ते कसं आवरायचं?

---

दाखला_रजिस्टर

पैशांचं आधी. ज्यांचे पैसे गेले त्यांनी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, आणि बँकेलाही कळवावं. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. मग लिंक रीसेट करा, म्हणजे जुनी लिंक मरते. ग्रुपच्या सेटिंगमध्ये नव्या सदस्याला अॅडमिननं मंजुरी द्यायची सोय आहे, ती चालू करा. मंजुरीआधी फोनवर एकच प्रश्न विचारायचा आणि तो असा हवा की फेसबुकवरून उत्तर मिळू नये: आठवीला वर्गशिक्षक कोण, पाण्याची टाकी कुठल्या बाजूला, घंटा कशाची होती. दोन ग्रुप करा. एक सगळ्यांचा, एक फक्त मुलींचा. बऱ्याचजणी दुसऱ्यात आधी येतात, तिथं मोकळ्या झाल्या की मग पहिल्यात.

वर्गणी सगळे सापडेपर्यंत मागूच नका. वर्गणीचा आकडा आधी आणि निमंत्रण नंतर आलं तर ज्याचं घर ओढाताणीत चाललंय तो फोनच उचलत नाही. मागाल तेव्हा दोघांच्या नावे खातं, एकच क्यूआर, तोही अॅडमिननंच टाकायचा, आणि ज्याला जमणार नाही त्यानं न देताही यायचं हे पहिल्याच ओळीत.

आता फोटो. मूळ फोटो काचेतून बाहेर काढून उजेडात स्कॅन करून घ्या. काचेवरून मोबाइलनं काढला तर चकाकी येते आणि मागच्या रांगेतले चेहरे जातात. फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, वरचा थर निघतो. तसाच स्टुडिओत न्या. मग प्रत्येक डोक्यावर नंबर टाका, वरच्या रांगेपासून, डावीकडून उजवीकडं. ग्रुपवर 'हा कोण' असं विचारलं की दहा जण दहा चेहऱ्यांबद्दल बोलतात आणि काहीच ठरत नाही. '२७ नंबर कोण' असं विचारलं की उत्तर येतं. एका दिवशी एकच नंबर विचारा. निदान दोघांनी एकमेकांना न विचारता तेच नाव सांगितलं तरच वहीत पक्कं करा. ग्रुपवर एकानं नाव लिहिलं की बाकीचे 'होय होय' म्हणतात आणि चुकीचं नाव बसतं, म्हणून उत्तर ग्रुपवर नको, तुमच्या नंबरवर मागवा. फोटोच्या दिवशी गैरहजर असलेल्यांची वेगळी यादी करा. रजिस्टरमधली नावं वजा फोटोतली नावं, एवढी ती सरळ असते.

जुन्या शिक्षकांना आणि शिपाईमामांना हाच नंबरांचा फोटो मोठ्या आकारात छापून नेऊन दाखवा. मोबाइलच्या पडद्यावर सत्तरीतल्या माणसाला काही दिसत नाही. शिपाईमामांना मुलांची नावं आठवली नाहीत तरी 'ह्याचा बाप टांगा हाकायचा' असं आठवतं, आणि तेवढं पुरतं.

कुणी वारल्याचं कळलं तर घरच्या माणसाकडून किंवा भावकीतून खात्री झाल्याशिवाय ग्रुपवर श्रद्धांजली टाकायची नाही. एकाच नावाचे दोघे असतात, आणि जिवंत माणसाच्या फोटोला हार घातलेला त्याच्या मुलानं पाहिला तर काय होईल याचा विचार करा. खात्री झाल्यावर घरच्यांना निमंत्रण द्या. आई असेल तर तिला, मुलगा असेल तर मुलाला.

मेळाव्याच्या दिवशी तो नंबर टाकलेला फोटो ए-३ आकारात छापून दाराशी नावनोंदणीच्या टेबलावर ठेवा, बाजूला नंबरांची कोरी यादी. येणारा आपल्या नंबरापुढं सही करील. पाच-सहा नंबर तरी रिकामे राहतील. तिथं 'कुणाला माहीत असल्यास' असा रकाना आखा आणि पेन दोऱ्यानं टेबलाला बांधून ठेवा.